रकान्यातला रुपया

शनिवार पेठेत ४३१ क्रमांकाच्या पत्त्यावर ‘साधना’ साप्ताहिकाचं कार्यालय आहे. या साप्ताहिकामागे कुठल्या उद्योगपतीचं घराणं नाही. त्याची मालकी एका विश्वस्त संस्थेकडे आहे. म्हणजे वर्षाअखेर चार पैसे उरलेच, तर ते कुणाच्या खिशात जात नाहीत, पुन्हा कामातच घालावे लागतात. अशा नियतकालिकानं पंचाहत्तरी ओलांडावी हीच केवढी गोष्ट! पण खरं नवल पुढे आहे. अमेरिकेतल्या मराठी माणसांनी दिलेला पुरस्कारांचा पैसा याच पत्त्यावरच्या मंडळींच्या हातून महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांपर्यंत पोचतो. मुलांचे दिवाळी अंक इथूनच गठ्ठ्यांनी खेड्यापाड्यांतल्या शाळांत जातात. ज्याच्याजवळ स्वतःचा पैसा बेताचा, ते दुसऱ्यांच्या पाठीशी उभं राहतं ते कशाच्या जोरावर?

या प्रश्नाचा माग काढत गेलं की पाय पेठेबाहेर पडतात. बुधवारातून नारायण पेठेत, तिथून तळेगावच्या काच कारखान्यात, न्यूयॉर्कच्या बंदरात आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातही जावं लागतं. सगळीकडे यंत्रणा तीच दिसते, आणि ती इतकी साधी आहे की आपल्या रोज डोळ्यांसमोर असूनही लक्षात येत नाही.

येरवड्यापासून सुरुवात करू, कारण तिथे ही यंत्रणा सगळ्यात उघडी दिसते. १९८०च्या दशकात ‘गर्द’ नावाची भुकटी महाराष्ट्रातल्या शहरांत शिरली. चांगल्या घरातली, कॉलेजात जाणारी मुलं तिच्या विळख्यात सापडू लागली आणि आईबापांना आपल्या घरात काय चाललंय हेच कळेना. लेखक अनिल अवचट या मुलांमध्ये जाऊन बसले, त्यांच्याशी बोलले आणि त्यांनी गर्दवर लेखमाला लिहिली. ती पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या वाचनात आली. वाचून हळहळणारे पुष्कळ असतात. या दोघांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे एक लाख रुपये देऊ केले आणि या मुलांसाठी काहीतरी उभं करा म्हणून सांगितलं. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट मनोविकारतज्ज्ञ होत्या, येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. त्यांनी ते काम अंगावर घेतलं. २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झालं. तेव्हापासून किती घरांत त्यामुळे पुन्हा दिवा लागला असेल!

या साखळीत छापील लेखमालेचं काम नेमकं काय होतं, ते बघू. व्यसनी मुलं शहरात होतीच, उपचार करू शकणारी डॉक्टरही शहरात होती आणि पैसे देऊ शकणारे वाचकही होते. तिघं एकमेकांपासून काही मैलांवर, कदाचित एकाच बसनं जाणारे. तरी त्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता. लेखमालेनं तो पत्ता दिला. शिवाय लिहिणाऱ्यावर वाचकाचा विश्वास होता. अवचट लिहितात म्हणजे ते तिथे जाऊन आलेले असणार, ही खात्री वाचकाला होती. ती एका लेखानं येत नाही, वर्षानुवर्षांच्या लिखाणातून साठत जाते. अवचटांच्या जडणघडणीत शनिवार पेठेतल्या ‘साधना’चाही वाटा आहे. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, ‘साधना’चा जो विशेषांक निघाला तो अवचटांनीच संपादित केला होता. दलित चळवळीतले राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख त्याच अंकातला. त्यानं महाराष्ट्र ढवळून निघाला. ज्यांचं म्हणणं कुणी छापत नव्हतं त्यांना पानं मोकळी करून देणं हीही समाजाला केलेली मदतच, आणि ती रुपयांत मोजता येत नाही.

पुण्यात ही रीत फार जुनी. ‘ज्ञानप्रकाश’ हे वृत्तपत्र १८४९मध्ये सुरू झालं. पुढे १८७६-७७चा भीषण दुष्काळ पडला. जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी दुष्काळात होरपळलेल्या मुलांसाठी धनकवडीला बालाश्रम काढला, आणि मदतीचं आवाहन वृत्तपत्रातून केलं. आज धनकवडी म्हणजे पुणं. तेव्हा ते शहराबाहेरचं गाव होतं. तिथे जेवणाऱ्या मुलाला पेठेतल्या दात्यानं कधी पाहिलेलं नसणार. छापील चार ओळींच्या भरवशावर त्यानं ज्वारीसाठी पैसे द्यायचे होते.

आता नारायण पेठेतल्या ‘केसरी’कडे. १८९५ साली टिळकांनी रायगडावरच्या शिवछत्रपतींच्या समाधीची दुरवस्था लोकांसमोर मांडली आणि जीर्णोद्धारासाठी निधीचं आवाहन केलं. पैसे येऊ लागले तसं ‘केसरी’त देणगीदारांची नावं आणि रकमा छापून येऊ लागल्या. ही यादी मला अतिशय आवडते. संस्थानिकाची शंभराची रक्कम आणि शाळकरी पोराचे दोन आणे एकाच रकान्यात, एकाच टाइपात. छापखान्यातल्या जुळाऱ्यानं त्या पोराचं नावसुद्धा एकेक खिळा लावून जुळवलं. आठवडाभरानं अंक गावात पोचला की चावडीवर कुणीतरी तो मोठ्यानं वाचणार आणि नाव ऐकू येताच सगळ्यांच्या नजरा त्या पोराकडे वळणार.

यात नुसतं कौतुक नव्हतं, हिशोबाची मोठी युक्ती होती. ज्यानं दोन आणे दिले तो आपलं नाव शोधणार, आणि सापडलं नाही तर विचारणार. हजारो देणगीदार म्हणजे हजारो बिनपगारी हिशोबतपासनीस. ज्यांना नाव नको असायचं त्यांच्यासाठी ‘एक हितचिंतक’ ही ओळ आपल्याकडे कायमची रूढ आहे. नाव लपलं तरी रक्कम छापलेली असते, म्हणून हितचिंतकालाही आपला पैसा पोचला की नाही हे ताडून पाहता येतं. पावतीपुस्तक एकट्याचं असतं, छापील यादी सगळ्या गावाची. रायगडाचं काम पूर्ण व्हायला मात्र पुढे जवळजवळ तीस वर्षं गेली. नावं छापली की काम आपोआप होतं असं नाही, पण ते विसरू देत नाही हे नक्की.

अशीच एक यादी त्याच्या दहा वर्षं आधी अटलांटिकच्या पलीकडे छापली गेली होती. फ्रान्सनं अमेरिकेला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिला, पण तो ज्यावर उभा करायचा त्या चौथऱ्याला पैसे नव्हते. श्रीमंतांनी हात आखडले. तेव्हा १८८५च्या मार्चमध्ये जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मधून सामान्य वाचकांना हाक दिली आणि कबूल केलं की रक्कम कितीही लहान असो, देणाऱ्याचं नाव छापीन. पाच महिन्यांत लाखाहून अधिक लोकांनी मिळून एक लाख डॉलरहून जास्त रक्कम जमवली. बहुतेकांनी एका डॉलरपेक्षाही कमी दिलं होतं. त्या पुतळ्याचं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याच्या पायाखालचा दगड वर्तमानपत्राच्या वाचकांनी रचला, हे कळल्यापासून मला ते चित्र वेगळंच दिसू लागलं आहे.

लहान रकमेचं हे गणित आणखी खोलात पाहायचं तर पैसा फंड घ्यावा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांच्या डोक्यात एक कल्पना आली: प्रत्येक माणसानं देशातल्या उद्योगासाठी वर्षाला एकच पैसा द्यावा. टिळकांनी आणि ‘केसरी’नं ही कल्पना उचलून धरली. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होत. चौसष्ट दारं वाजवली की एक रुपया. एक लाख माणसांनी दिलं तरी हाती येणार पंधराशे बासष्ट रुपये आठ आणे! आता हे पैसे गोळा करायला माणूस पगारावर ठेवला तर? त्याचा पगार आणि प्रवासखर्चच जमलेल्या पैशांपेक्षा जास्त व्हायचा. लहान देणग्यांची अडचण कायम हीच असते. देणारे भरपूर असतात, पण त्यांच्यापर्यंत पोचण्याचा खर्च देणगीला गिळून टाकतो.

इथे वर्तमानपत्र कामाला येतं. कारण ते पोचलेलंच असतं. बातम्यांसाठी कागद, शाई, टपाल यांचा खर्च आधीच झालेला आहे, त्याच पानावर पैसा फंडाच्या चार ओळी जास्तीच्या छापायला वेगळा खर्च जवळजवळ नाही. गावोगावचे स्वयंसेवक त्या ओळी वाचून डबा घेऊन निघाले. त्यांना लोकांना काही समजावून सांगावं लागलं नाही, कारण गावानं ते आधीच वाचलेलं किंवा ऐकलेलं होतं. या पैशापैशातून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना उभा राहिला. काच बनवण्याचं शिक्षण देणारी ती जागा झाली आणि तिथे शिकलेले कारागीर देशभर गेले. पुण्याहून लोकलनं तळेगावला जाताना मला दरवेळी वाटतं, इथल्या भट्टीत वाळूच्या जोडीनं एका पैशाची नाणीच वितळली आहेत.

‘केसरी’च्या वाटेवरून पुढे ‘सकाळ’ आला. डॉ. नानासाहेब परुळेकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि १ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी पुण्यात ‘सकाळ’ काढला. अग्रलेखापेक्षा बातमी, आणि दिल्लीइतकीच गल्लीतली बातमी, असा त्यांचा आग्रह. १९५९ साली त्यांनी ‘इंडिया फाउंडेशन’ स्थापन केलं. आज ते ‘सकाळ इंडिया फाउंडेशन’ म्हणून ओळखलं जातं. उच्च शिक्षणासाठी ते बिनव्याजी शिष्यवृत्ती देतं. ‘बिनव्याजी’ म्हटलं की लक्षात येतं, ही रक्कम परत करायची असते. विद्यार्थी शिकतो, कमावता होतो, फेडतो, आणि तोच पैसा पुढच्या मुलाच्या विमानाच्या तिकिटाला लागतो. दाता एकदाच देतो आणि रुपया पिढ्यानपिढ्या फिरत राहतो. परदेशात गेलेल्या मराठी मुलांमध्ये असा फिरलेला रुपया घेऊन गेलेली किती असतील! भूकंप, पूर, दुष्काळ अशा वेळी ‘सकाळ रिलीफ फंड’ वाचकांकडून मदत गोळा करतो, तेही पुणेकरांना ठाऊक आहे.

शनिवार पेठेला घेणाऱ्याची बाजूही माहीत आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं. पिढीजात वाडे एका दिवसात बसले. काल ज्यांच्या दारातून भिक्षेकरी रिकाम्या हातानं परतत नव्हता, ती कुटुंबं दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी ओसरीवर होती. आपल्यालाही कधी हात पुढे करावा लागेल, हे ज्या वस्तीनं एकदा भोगलं तिला देणगीच्या यादीकडे वेगळ्या नजरेनं पाहता येतं.

आजच्या काळातला सगळ्यात नेटका प्रयोग मला ‘लोकसत्ता’चा वाटतो. २०११पासून ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या नावानं तो चालतो. गणेशोत्सवाच्या दिवसांत रोज एका सामाजिक संस्थेची ओळख छापून येते. अशा दहा संस्था. लेखात त्या संस्थेचं काम, तिथल्या माणसांची धडपड आणि आत्ताची नेमकी गरज लिहिलेली असते. मग वाचक धनादेश पाठवतात. या उपक्रमातली एक बारीक तरतूद फार मोलाची आहे: धनादेश वर्तमानपत्राच्या नावे काढायचा नसतो, थेट संस्थेच्या नावे काढायचा असतो. वर्तमानपत्र तो गोळा करतं आणि संस्थेच्या हाती देतं. पैसा वर्तमानपत्राच्या खात्यातून जातच नाही. त्यामुळे ‘मध्ये किती राहिले?’ हा प्रश्नच उरत नाही. दरवर्षी दहा, म्हणजे पहिल्या दहा वर्षांतच शंभर संस्था. त्यांपैकी कित्येक अशा आडगावांतल्या की जिल्ह्याच्या ठिकाणीही त्यांचं नाव कुणाला माहीत नसावं.

अशा संस्थांचे चालक सांगतात की पैशापेक्षा पुढचा परिणाम मोठा असतो. लेख आला की तालुक्याचे अधिकारी भेटायला येतात, अडलेली फाईल हलते, कुणी निवृत्त शिक्षिका फोन करून विचारते की मी आठवड्यातून दोन दिवस शिकवायला येऊ का. पाठीमागून टिंगल करणारे गावकरी कात्रण घडी करून खिशात ठेवतात. आणि ते कात्रण पुढच्या अनेक वर्षांच्या प्रत्येक अर्जाला जोडलं जातं.

आता कायद्याची बाजू, थोडक्यात. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५नुसार, १ एप्रिल २०१४पासून, ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. माध्यमकंपनी या आकड्यांत बसली तर तिलाही ते बंधन आहेच. चांगला कायदा आहे, त्यातून शाळांना छप्पर मिळालं, गावांना पाणी मिळालं. पण तो नफ्यातला वाटा झाला, आणि तो सिमेंटची कंपनीही देते. माध्यमाकडे जी गोष्ट आहे ती सिमेंटच्या कंपनीकडे नाही: लोक त्याचं म्हणणं रोज सकाळी दारातून आत घेतात.

म्हणूनच ‘साधना’सारखं नफा नसलेलं साप्ताहिक या कामात कोट्यधीश कंपन्यांच्या पुढे जाऊ शकतं. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी ते मुंबईत सुरू केलं. त्याच वर्षी गांधीहत्येनंतर त्यांनी ‘कर्तव्य’ नावाचं सायंदैनिक चालवून पाहिलं होतं. त्याआधीच्या वर्षी, मे १९४७मध्ये, पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषणाला बसले होते. अशा माणसानं काढलेल्या साप्ताहिकावर वाचक विश्वास ठेवणारच. गुरुजी १९५०च्या जूनमध्ये गेले. आचार्य जावडेकर आणि रावसाहेब पटवर्धनांनी साप्ताहिक सांभाळलं, १९५६ साली ते पुण्यात आलं आणि यदुनाथ थत्त्यांनी दीर्घकाळ त्याची धुरा वाहिली. कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या बाबा आमट्यांनी १९६७पासून सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरवायला सुरुवात केली. त्यांच्या कामाशी थत्त्यांचं आणि ‘साधना’चं नातं जवळचं होतं. तेव्हाच्या कितीतरी मुलामुलींनी कुष्ठरोग्यानं पिकवलेली भाजी खाण्याचं धाडस आधी वाचून आणि मग जाऊन केलं.

महाराष्ट्र फाउंडेशनची गोष्ट तर थेट शनिवार पेठेशी जोडलेली. अमेरिकेतल्या मराठी मंडळींची ही संस्था. सांगलीकडचे आणि पुढे न्यूयॉर्कच्या वित्तबाजारात स्थिरावलेले सुनील देशमुख यांच्या पुढाकारानं १९९४पासून तिचे साहित्य पुरस्कार आणि १९९६पासून समाजकार्य पुरस्कार सुरू झाले. आता विचार करा: पैसा न्यूयॉर्कमध्ये आहे. तो द्यायचा आहे अशा कार्यकर्त्याला, जो कुठल्यातरी पाड्यावर काम करतो, ज्याला इंग्रजीत अर्ज लिहिता येत नाही, आणि बहुधा अर्ज करण्याची इच्छाही नाही. त्याला शोधायचं कुणी? बँक शोधू शकत नाही, सरकारी खातं शोधणार नाही. शोधू शकतं ते साप्ताहिक, कारण त्याचे लेखक-वाचक त्या पाड्यांवर जातात, तिथून पत्रं लिहितात, एकमेकांची माहिती ठेवतात. केशव गोरे स्मारक ट्रस्ट आणि साधना ट्रस्ट यांनी म्हणूनच हे काम हाती घेतलं. पुरस्कार जाहीर झाले की ‘साधना’चा विशेषांक निघतो, त्यात पुरस्कार मिळालेल्यांच्या सविस्तर ओळखी, मुलाखती येतात. रकमेच्या धनादेशासोबत त्या माणसाला वाचकही मिळतात, आणि माझ्या मते ते जास्त टिकतात.

कार्यकर्त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न मात्र पुरस्कारानं सुटत नाही. इमारतीला देणगीदार मिळतो, कारण तिच्यावर नावाची फरशी बसवता येते. रुग्णवाहिकेला मिळतो. पण पूर्णवेळ काम करणाऱ्या माणसाच्या महिन्याच्या किराण्याला, त्याच्या मुलीच्या फीला, संस्थेच्या वीजबिलाला देणगीदार मिळत नाही. या कंटाळवाण्या पण खऱ्या गरजेसाठी महाराष्ट्रात ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ उभा राहिला. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले अशा नामवंत नटांनी अत्र्यांचं ‘लग्नाची बेडी’ बसवलं आणि त्याचे प्रयोग गावोगाव करून पैसा जमवला. मुद्दल राखायचं आणि व्याजातून कार्यकर्त्यांना मानधन द्यायचं, अशी ती योजना. तिच्या मागे ज्यांनी जिवाचं रान केलं त्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकर होते.

हेच दाभोलकर १९९८ साली ‘साधना’चे संपादक झाले. साताऱ्याचे डॉक्टर, कबड्डीचे नामांकित खेळाडू, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक. आठवड्यातले दोन दिवस ते ‘साधना’च्या कामासाठी पुण्यात असत. त्यांच्या काळात, २००८ साली, ‘साधना’चा बालकुमार दिवाळी अंक सुरू झाला. एरवी दिवाळी अंक म्हणजे सुशिक्षित घरातली चैन. किंमत ऐकूनच पुष्कळ घरं मागे सरतात. इथे उलट केलं. अंक रंगीत, कागद चांगला, लिहिणारे नावाजलेले, आणि किंमत इतकी कमी की शाळेनं गठ्ठ्यानं घ्यावा. एखाद्या दात्याला आपल्या गावच्या शाळेतल्या सगळ्या मुलांना अंक द्यायचा असेल तर तो तेवढ्या प्रती विकत घेतो आणि त्या शाळेत पोचतात. खप लाखांच्या घरात गेला. छपाईचं गणित असं की प्रती वाढल्या की एका प्रतीचा खर्च उतरतो. जुळणी, चित्रं, संपादन यांचा खर्च हजार प्रतींनाही तोच आणि लाख प्रतींनाही तोच. म्हणजे एका शाळेसाठी जास्तीच्या प्रती घेणारा दाता नकळत दुसऱ्या शाळेचाही अंक स्वस्त करतो. मला हे कळलं तेव्हा खरोखर हरखून जायला झालं. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद येत नाही, तिथे दिवाळीच्या फराळासोबत अख्ख्या अंकभर गोष्टी येतात, आणि त्या मुलाच्या मालकीच्या असतात.

२० ऑगस्ट २०१३ रोजी, मंगळवारी सकाळी, ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. पूल शनिवार पेठेला लागूनच. ‘साधना’ थांबलं नाही. विनोद शिरसाठांनी संपादकपद सांभाळलं, बालकुमार अंक निघत राहिला, पुरस्कारांचं काम चालू राहिलं.

या सगळ्यात एक धोका आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ज्या संस्थेला माध्यमानं उचलून धरलं तिच्यात उद्या गैरव्यवहार निघाला तर? वाचकानं पैसे संस्थेला दिलेले असले तरी विश्वास वर्तमानपत्रावर ठेवलेला असतो. म्हणून नाव छापण्याआधीचं काम फार महत्त्वाचं: धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी बघणं, लेखापरीक्षित हिशोब बघणं, आणि मुख्य म्हणजे पूर्वकल्पना न देता तिथे जाऊन येणं. उद्या काही वावगं आढळलं तर त्याच पानावर तेही छापायची तयारी हवी. दुसरी अडचण मला जास्त सलते. ज्यांच्या कामाचे फोटो चांगले येतात त्यांच्याकडे माध्यमं आधी वळतात. हसरी मुलं, हिरवी टेकडी, पाण्यानं भरलेला बंधारा. पण मनोरुग्णांच्या अंथरुणांचं धुणं, वेठबिगारांच्या खटल्यांच्या तारखा, धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे कागद यांचे फोटो कसे येणार? अशा कामांसाठी तपशिलात शिरून, चार पानं देऊन लिहिणारी नियतकालिकं लागतात. ती जगली तर ही कामं लोकांना दिसतील. म्हणून ‘साधना’ची वर्गणी भरणं हीदेखील मी देणगीच मानतो.

आता पैसे देणं अतिशय सोपं झालं आहे. लेखाखाली चौकोनी ठिपक्यांची खूण असते, मोबाइल धरला की रुपया गेला. अंताजी काळ्यांनी ज्या एका पैशासाठी गावोगाव माणसं हिंडवली, तो गोळा करायला आज खर्च जवळजवळ शून्य. ८० जी कलमाखाली करसवलत देणाऱ्या संस्थांना तर आपल्या देणगीदारांची तपशीलवार यादी दरवर्षी आयकर विभागाकडे भरावी लागते, आणि तिच्यावरून दात्याला प्रमाणपत्र मिळतं. म्हणजे यादी आजही तयार होते, पूर्वीपेक्षा अचूक होते. फरक इतकाच की ती सरकारी संगणकात राहते. शेजाऱ्याला ती दिसत नाही, चावडीवर कुणी वाचत नाही, शाळकरी पोराकडे कुणी वळून बघत नाही. संस्थांनी देणगीदारांची परवानगी घेऊन, ज्यांना नको त्यांना ‘एक हितचिंतक’ म्हणून, ही नावं वर्षातून एकदा तरी स्थानिक वर्तमानपत्रात छापावीत, आणि वर्तमानपत्रांनी त्यासाठी एक पान फुकट द्यावं. पुरवण्यांच्या आजच्या जाडीत एक पान सहज निघेल. पन्नास रुपयांचं नाव पन्नास हजारांच्या नावाशेजारी, त्याच टाइपात. शनिवार पेठेपासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही.